हात वर जात नाही, की नेता येत नाही?

श्रावणातल्या एका सकाळी माझ्या दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसली होती. मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या एक काकी, पन्नाशीच्या आतबाहेर, शुगरच्या गोळ्या चालू. आणि साठी ओलांडलेले एक काका, ज्यांचा सगळा जन्म रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढण्यात गेला. दोघांची तक्रार शब्दाला शब्द तीच: "उजवो हात वर जाणा नाय." दोघांनी आजाराचं नावही घरूनच ठरवून आणलं होतं. वात.

आपल्याकडे 'वात' हा शब्द फार सोयीचा आहे. गुडघा दुखला वात, बोटं सुजली वात, कंबर धरली वात, म्हाताऱ्याचं पाऊल जमिनीवरून उचलेना तरी वातच. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या शब्दावर माझा राग नाही. अडचण एवढीच, की तो दहा वेगवेगळे आजार एका पिशवीत कोंबतो, आणि मग सगळ्यांना एकच तेल, एकच पट्टा आणि मेडिकलमधून आणलेली एकच गोळी. ती पिशवी सोडायला दरवेळी मोठमोठ्या तपासण्या लागत नाहीत. सांधा कोणी हलवल्यावर हलतो, कुठल्या दिशेला अडतो आणि अडताना हाताला कसा लागतो, एवढं नीट पाहिलं तरी बराच उलगडा होतो. त्या दोघांचा तसाच झाला.

काकींना मी हात समोरून वर घ्यायला सांगितला. खांद्याच्या उंचीला पोचायच्या आधीच तो थांबला. मग त्यांनी खांदा कानाकडे उचलला, पाठीतून मागे झुकल्या आणि उरलेली उंची चोरून मिळवली. ही चोरी सगळेच करतात. हात पूर्ण वर म्हणजे 180 अंश. त्यातले साधारण 120 खऱ्या खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, सरकल्यामुळे. सांधा बंद पडला तरी फरा चालू असतो, म्हणून माणसाला वाटतं की जातोय की थोडा वर. मी एका हाताने फरा दाबून धरला, त्यांना हात सैल सोडायला सांगितलं आणि दुसऱ्या हाताने तो मीच उचलला. जिथे त्यांचा थांबला होता तिथेच माझाही थांबला. मग कोपर कुशीला टेकवून ठेवलं आणि दाराची फळी उघडावी तसा हात बाहेर फिरवायला घेतला. तो जवळजवळ हललाच नाही.

काकांचं उलटं. त्यांना स्वतःला हात छातीपर्यंतसुद्धा नेता येईना. मी उचलला तेव्हा मात्र तो सरळ कानाला लागला, कुठे अडला नाही. वरून हळूच आधार काढून घेतला, तर हात दगडासारखा खाली आला.

म्हणजे काकींचा हात जात नाही आणि काकांना तो नेता येत नाही. बोलताना आपण हे दोन्ही एकाच अर्थाने म्हणतो. तपासताना यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणूस स्वतः सांधा हलवतो तेव्हा मेंदूचा हुकूम, तो पोचवणारी नस, ओढणारा स्नायू, स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा आणि शेवटी सांधा, असं सगळं लागतं. मी त्याचा हात उचलते तेव्हा काम फक्त सांध्याला आणि त्याच्याभोवतीच्या आवरणाला असतं. माझ्या हाताने पूर्ण हलतो आणि त्याच्या स्वतःच्या ताकदीने हलत नाही, तर सांधा निर्दोष आहे, गुन्हेगार वरच्या साखळीत शोधायचा. दोघांच्याही हाताने तेवढाच अडतो, तर सांधाच आखडला आहे.

काकींना झालं होतं ते फ्रोझन शोल्डर. खांद्याभोवतीची पिशवी सुजते आणि मग आकसते. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव अमेरिकेतल्या बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये दिलं. पुढे ब्रिटनच्या जेम्स सिरिअॅक्स यांनी दाखवून दिलं, की सांध्याचं आवरण आकसलं की हालचाली ठरावीक क्रमाने जातात. खांद्यात सगळ्यात जास्त मार बसतो तो हात बाहेर फिरवण्याला, त्याखालोखाल बाजूने वर उचलण्याला, मग मागे पाठीकडे नेण्याला. म्हणून त्या दाराच्या फळीच्या तपासणीला एवढं महत्त्व. हा आजार बहुतेक 40 ते 60 या वयात गाठतो, बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. थायरॉइडच्या रुग्णांतही तो अधिक दिसतो. आधी काही महिने दुखणं, कुशीवर झोपता येत नाही. मग दुखणं कमी पण खांदा बंद. मग हळूहळू सुटतो. हे सगळं व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो, फक्त मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. व्यायाम दुखण्याच्या मर्यादेतच. "ओढून मोकळा करतो" म्हणणाऱ्याच्या हातात या टप्प्यात खांदा देऊ नये.

काकांचा कंडरा फाटला होता. खांद्याला चार छोट्या स्नायूंच्या कंडऱ्यांची टोपी असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. वयाबरोबर ती झिजते. अनेकांची झिजलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो. अशा बऱ्याच जणांना व्यायामावर भागवता येतं. पण कामावरचा माणूस पडला, दोराला हिसका बसला आणि त्या दिवसापासून हात उचलेनासा झाला, तर महिनोन् महिने तेल चोळत बसू नये. फाटलेला स्नायू मागे आकसत जातो आणि उशीर झाला की शिवणं कठीण होतं. सोनोग्राफीतही हे दिसतं.

तिसरा प्रकार आंब्याच्या दिवसांत येतो. झेला वर धरून दिवसभर आंबे काढणारा गडी सांगतो, हात वर जातो, खालीही येतो, पण मधल्या पट्ट्यात कळ येते. साधारण 60 ते 120 अंशांत. तिथे कंडरा हाडाच्या छताखाली घासतो. त्या पट्ट्याच्या वर गेला की पुन्हा ठीक.

आणि एक चकवा. साठीच्या आसपासच्या माणसाचा एका बाजूचा खांदा विनाकारण जड झालाय, उपचार करूनही सुटत नाही, चालताना तोच हात हलत नाही, सही बारीक होत चाललीय; तर खांद्यापेक्षा मेंदूकडे पाहावं लागतं. पार्किन्सनची सुरुवात कधीकधी अशी, खांदा आखडण्याच्या रूपाने होते. त्या माणसाचं कोपर मी हलवते तेव्हा सगळ्या कक्षेत सारखा जडपणा लागतो, बऱ्याचदा दातेरी चाक फिरवल्यासारखा, टक टक टक. लकवा मारलेल्या हाताचा कडकपणा वेगळा. तो हात भराभर हलवला तर गच्च धरतो, हळू हलवला तर सोडतो.

दुखणं डाव्या खांद्यात आहे पण खांदा कसाही फिरवला तरी त्यात काही फरक पडत नाही, सोबत घाम, छातीत दडपण, दम लागतोय? मग ते सांध्याचं नाहीच. तिथे कोनमापक नको, गाडी हवी.

गुडघा: गणपतीपुढे बसायचं कसं

कोनमापक म्हणजे शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या लावाव्यात तसं साधन. गुडघा मोजायचा तर त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर, एक पट्टी मांडीवरून खुब्याच्या बाजूच्या उंचवट्याकडे, दुसरी पायाच्या बाहेरच्या घोट्याकडे. पाय सरळ म्हणजे शून्य. निरोगी गुडघा 135-140 अंशांपर्यंत वाकतो, लहानपणापासून उकिडवं बसणाऱ्यांचा त्याहून जास्त. पाचेक अंशांचा फरक मी मोजत नाही, तेवढी चूक मोजणाऱ्याच्या हाताची असते. आणि आधी नेहमी चांगला पाय मोजायचा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा दुसरा पाय हे खरं माप.

नुसत्या आकड्याने काही कळत नाही, तो आकडा त्या माणसाच्या दिवसाला लावून पाहावा लागतो. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा 60 अंश वाकला तरी भागतं. जिना चढ-उतार करायला, खुर्चीतून उठायला नव्वदच्या आसपास किंवा थोडं वर. पण आडाळ्यावर बसून नारळ खोवायला, आरतीनंतर मांडी घालून भजनाला बसायला, चुलीपुढे उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त. शहरातल्या बाईचा गुडघा 110 ला थांबला तर तिला वर्षभर कळणारही नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी कळतं. म्हणूनच "खाली बसाक जमणा नाय" ही तक्रार मी क्ष-किरणाच्या फोटोइतकीच गांभीर्याने घेते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही साधारण 110 ते 120 अंश मिळतात, म्हणजे चालणं, जिना उत्तम. मांडी घालणं बहुतेकांना बंद. हे आधी न सांगितल्यामुळे नंतर रुसवे होतात. घरात एक उंच पाट, ओट्यावर खवणी आणि कमोड, ही सोय शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच करून ठेवलेली बरी.

वाकण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, सरळ होण्याकडे कोणाचंच नसतं. झिजेच्या संधिवातात गुडघा हळूहळू थोडा वाकलेलाच राहतो. पाच-दहा अंशच, पण मग उभं राहतानाही मांडीच्या स्नायूला सतत राबावं लागतं, आणि माणूस बाजारातून परत येईपर्यंत गळून जातो. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्याने बरं वाटतं, आणि तीच उशी गुडघा वाकडा करते. ती काढा. दिवसातून काही वेळा टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबायचा, एवढा व्यायाम पुष्कळ काम करतो.

'गुडघा धरतो' आणि 'गुडघा अडकतो' यात मी फरक विचारते. धरतो म्हणजे कडक होतो, थोडं चाललं की सुटतो. अडकतो म्हणजे मध्येच कुलूप लागतं, सरळच होत नाही, आणि मी सरळ करायला गेले तर रबरासारखा उसळून मागे येतो. तिथे आतली गादी फाटून मध्ये अडकलेली असू शकते. शेवट हाताला कसा लागतो हे म्हणूनच पाहायचं. वाकणारा निरोगी गुडघा पोटरी मांडीला टेकून मऊ थांबतो. सरळ होणारं कोपर हाडाला हाड लागून कडक थांबतं. आणि मला काहीच अडसर लागत नाही पण रुग्ण कळवळून हात धरतो, तो शेवट सगळ्यात वाईट. सांध्यात पू, हाडाचा तडा, कधी गाठ, असं काहीतरी आत असतं. ताप, एकच सांधा लाल-गरम आणि तसूभरही हलवू न देणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर त्याच दिवशी मोठं इस्पितळ. पू सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, थोड्या दिवसांत खाऊन टाकतो.

गुडघा दुखतोय म्हणून आलेल्या काही लोकांचा गुडघा ठणठणीत निघतो. दुखणं खुब्याचं असतं, लागतं गुडघ्याला, कारण दोन्हीकडे जाणाऱ्या नसा सामाईक आहेत. माणसाला पाठीवर झोपवून, मांडी नव्वदला वाकवून पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे मांडी आत फिरते. खुबा बिघडला की सगळ्यात आधी हीच हालचाल जाते. तिशी-चाळिशीतला पुरुष, जांघेत दुखणं, मांडी घालता येत नाही, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय का हे पाहावं लागतं. दारू आणि स्टेरॉइड ही त्याची दोन मोठी कारणं. म्हणून मी सगळ्यांना विचारते, वातावर कुठली बिननावाची पुडी घेतली होती का? दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

सकाळी किती वाजता सुटतात?

सांधे सकाळी आखडलेले असतात, हे तर सगळेच सांगतात. मी घड्याळ विचारते. चहा होईपर्यंत, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत सुटत असतील तर बहुधा झीज. पेज खाऊन झाली, तासभर उलटला, तरी मूठ वळत नसेल तर आत दाह आहे, आणि आमवाताचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, विचार करायला हवा. आमवात दोन्ही हातांना जोडीने धरतो, मनगटं आणि बोटांच्या मुळाची व मधली पेरं सुजतात, टोकाची सहसा सुटतात. झिजेचं नेमकं उलटं. टोकाच्या पेरांवर टणक गाठी आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणं. काजू फोडणाऱ्या बायकांचा अंगठा मला नेहमी आधी दिसतो.

आमवातावर आज औषधं आहेत आणि पहिल्या काही महिन्यांत सुरू केली तर सांधे वाचतात, बोटं वाकडी होत नाहीत. त्यातली मुख्य गोळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या कोणीतरी कॅलेंडरवर वार लिहून ठेवावा.

पावसाळ्यानंतर चिकुनगुन्याचे सांधे येतात. हा शब्द आताच्या टांझानियातल्या माकोंडे भाषेतला, 1952 च्या साथीतला, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. भारतात कित्येक वर्षं शांत असलेला हा विषाणू 2005-06 मध्ये परतला तेव्हा महाराष्ट्रातली गावंच्या गावं वाकली होती. ताप आठवड्यात जातो, सांधे महिनोन् महिने रेंगाळतात, आणि ते दिसतात थेट आमवातासारखे. म्हणून आधी ताप येऊन गेला होता का, घरात अजून कोणाला झालं होतं का, हे सांगायला विसरू नका.

आणि तरुण मुलगा, विशी-तिशीतला, पहाटे कमरेच्या दुखण्याने जाग येते, बिछान्यात पडून राहिलं की वाढतं, हिंडलं की कमी होतं. घरचे म्हणतात मोबाइल. मी त्याच्या कमरेवर पेनाने दोन खुणा करते. कमरेखालच्या दोन खळग्यांना जोडणाऱ्या रेषेच्या 10 सेंटिमीटर वर एक आणि 5 सेंटिमीटर खाली एक, आणि त्याला गुडघे न वाकवता वाकायला सांगते. मधले 15 सेंटिमीटर ताणून किमान 20 व्हायला हवेत. कणा मोकळा नसेल तर माणूस खुब्यातून वाकून बोटं जमिनीला टेकवतो आणि टेप मात्र सतरावर थांबते. मणके एकमेकांना जोडत नेणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असा पकडता येतो. भातलावणीत वाकून कंबर भरलेल्या बाईचं दुखणं विश्रांतीने कमी होतं, या मुलाचं विश्रांतीने वाढतं.

गाऊटचं फार सांगायला नको, तो स्वतःच सांगतो. मध्यरात्री पायाचा अंगठा पेटतो, पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही, आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो आणि माणूस विसरतो. सांध्यात साठून हा झटका आणणारं युरिक अॅसिड झटका चालू असताना रक्तात तपासलं तर ते नॉर्मलही येऊ शकतं, तेव्हा तो कागद दाखवून आनंद मानू नये. तारली, बांगडे, तिसऱ्या यांत प्युरीन, म्हणजे ज्याचं अंगात युरिक अॅसिड होतं ते, बऱ्यापैकी असतं, बिअर तर आगीत तेल. मासे सोडा असं मालवणात सांगण्याइतकी मी धीट नाही. झटके वारंवार येत असतील तर प्रमाण सांभाळायचं आणि औषध नियमित घ्यायचं. बिचाऱ्या कुळथाच्या पिठीला उगाच दोषी धरू नका.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट घरीच करून पाहावी. नमस्कार करायचा आणि दोन्ही हातांची बोटं, तळवे पूर्ण टेकतात का पाहायचं. टेकत नसतील, मध्ये पोकळी राहत असेल, तर साखरेने हातांची कातडी आणि कंडरे ताठ केलेत. दुखत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. हातांचं असं झालेल्यांच्या शुगरचा डोळ्यांवर आणि मूत्रपिंडांवरही परिणाम झालेला असू शकतो, तेव्हा त्याही तपासण्या करून घ्याव्यात.

एकेक सांधा चांगला असूनही माणूस घराबाहेर पडेनासा होऊ शकतो. त्यासाठी खुर्ची आणि घड्याळ पुरतं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. वयस्कर माणसाला 12 सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे. मी आकड्याबरोबर वळणं पाहते. एका दमात वळतात की सहा-सात तुकड्यांत. अशा आजी-आजोबांच्या घरी चिऱ्याच्या पायऱ्यांवर आषाढात शेवाळ धरतं, ते घासून काढणं माझ्या कुठल्याही व्यायामाच्या तोडीचं आहे. पडल्यावर एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, तर उचलून बसवायचा प्रयत्न न करता आडवंच न्यावं. खुबा मोडलेला असतो.

कोपराबद्दल सांगायचं राहिलं. मे महिन्यात जांभळीवरून, काजूवरून पडलेली पोरं येतात. हाड जुळतं, प्लास्टर निघतं आणि कोपर अर्ध्यात अडकलेलं पाहून घरच्यांचा धीर सुटतो. मग कोणीतरी गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेतं, तो जोर लावून वाकवतो, चोळतो. कोपर या बाबतीत भलतंच रागीट आहे. दुखावलेल्या कोपराला मालीश आणि जबरदस्ती केली की स्नायूमध्येच हाड तयार होऊ लागतं, आणि जे दोन-तीन महिन्यांत आपसूक सुटलं असतं ते कायमचं अडतं. मुलाचं कोपर मुलालाच हलवू द्यायचं. मी घरच्यांना एवढंच सांगते की त्या हातात सोलकढीची वाटी द्या, आंब्याची फोड द्या, आणि त्याचा हात तोंडापर्यंत पोचतो का ते दर रविवारी लांबून बघा.